रिकाम्या कुपीतली गर्दी

२२ जून २०२५ रोजी छत्तीसगडच्या नवा रायपुरमध्ये दोन संस्थांची पायाभरणी झाली. एक राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल, दुसरी केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा. शहर नवे, रस्ते नवे, आणि आता विषे, अमली पदार्थ, रक्त नि राख तपासणाऱ्या खोल्याही नव्याकोऱ्या येणार. भिंतीवर डाग नाही, कोपऱ्यात जळमट नाही, फरशीत तोंड दिसावे इतकी चकाकी. यापेक्षा स्वच्छ जागा कुठली असणार?

आता अशा एखाद्या कोऱ्या खोलीत मास स्पेक्ट्रोमीटर ठेवा आणि त्याचे मत घ्या. त्याच्या लेखी ती खोली भलतीच मळलेली असते. ओल्या रंगातून वाफा सुटताहेत, फरशीच्या विनाइलला मऊ ठेवणारे रसायन हळूहळू बाहेर पडतेय, खिडकीच्या फटीत भरलेले सिलिकोन अजून पुरते सुकलेले नाही, नवी उपकरणे ज्या फोममध्ये गुंडाळून आली तो कोपऱ्यात पडून आहे. नवेपणाचा जो वास आपण कौतुकाने छातीभर घेतो, तो म्हणजे हवेत सुटलेले रेणूच. आणि हे यंत्र रेणूच तर मोजते!

मोजते कसे? छत्तीसगड हा धानाचा मुलूख, तिथे सूप समजावून सांगायची गरज नाही. पाखडताना फोल लांब उडते, भरला दाणा जवळ पडतो. यंत्रात वाऱ्याचे काम वीज करते. रेणूवर आधी विद्युतभार चढवायचा, म्हणजे विजेची पकड त्याच्यावर बसते. मग त्याला निर्वात पोकळीत सोडून विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पळवायचे. हलका चटकन वळतो, जड रेटून पुढे जातो. कोण कुठे आणि केव्हा पोचला यावरून त्याचे वस्तुमान निघते. काटेकोर बोलायचे तर वस्तुमान भागिले विद्युतभार. हा भागाकार लक्षात ठेवा, पुढे त्याने एक गंमत केली आहे.

या मोजणीची नजर किती तीक्ष्ण? पीएफओए नावाचे एक रसायन आहे. न चिकटणाऱ्या लेपांच्या कारखान्यांतून ते जगभर पसरले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठरवली: लिटरला ४ नॅनोग्रॅम. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावते. त्या सगळ्या पाण्यात मिळून १० मिलिग्रॅम रसायन विरघळले की मर्यादा गाठली. एवढेसे हे यंत्र शोधते, आणि रोज शोधते.

पण जे यंत्र तलावातले १० मिलिग्रॅम पाहू शकते, त्याला तुमच्या हातमोज्याचा स्पर्श दिसणार नाही का? बाटलीच्या झाकणाचा, परवाच्या साबणाचा, सकाळी अंगावर मारलेल्या सुगंधी फवाऱ्याचा? सगळे दिसते. म्हणून प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत खऱ्या नमुन्याआधी एक रिकामी कुपी यंत्राला दाखवतात. तिच्यात शुद्ध द्रावक असते, दुसरे काही नाही. तिला ‘ब्लँक’ म्हणतात. ब्लँकचा आलेख सपाट यायला हवा. तो कधीच पुरता सपाट येत नाही. या रिकाम्या कुपीत एवढी गर्दी असते की जाणकारांनी नेहमीच्या पाहुण्यांच्या शेकडो नोंदींच्या याद्या करून ठेवल्या आहेत.

त्या यादीतली काही मंडळी ओळखीची करून घेण्यासारखी आहेत. १४९ हा आकडा दिसला की केमिस्ट कपाळाला हात लावतो. हा थॅलेटचा तुकडा. थॅलेट म्हणजे प्लास्टिकला लवचीकपणा देणारी रसायने. त्यांचे प्रकार पुष्कळ, पण फुटताना बहुतेकांतून हा १४९चाच तुकडा निघतो. ३९१ दिसला तर तो अख्खा थॅलेट, पीव्हीसीच्या नळ्यांतला नेहमीचा. दर ४४ च्या अंतराने एकसारखी शिखरांची रांग लागली तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, मलमांपासून धुण्याच्या साबणापर्यंत कुठूनही आलेले. रेणूची साखळी एकेका कडीने वाढत जाते आणि प्रत्येक कडीचे वजन ४४. यंत्राने जणू कड्या मोजून दाखवाव्यात इतकी ती रांग नेमकी असते.

३३८ तर मला फार आवडतो. प्लास्टिकच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत इरुकामाइड मिसळतात, त्याचा हा आकडा. हे रसायन ज्या इरुसिक आम्लापासून बनवतात ते मोहरीच्या कुळातल्या तेलांत असते. म्हणजे शेतातल्या पिवळ्या फुलांपासून निघालेली वस्तू कारखाना, पिशवी, कुपीचे झाकण असा प्रवास करत रिकाम्या द्रावकात येऊन बसते, आणि यंत्र तिला नावानिशी हाक मारते! प्रथिने तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आणखी एक पाहुणा ठरलेला, केराटिन. आपली कातडी, केस, लोकरीचा स्वेटर. तिथे संशोधकाने कितीही जपले तरी त्याच्या नमुन्यात तो स्वतः थोडासा सांडलेला असतोच.

मग हा मळ काढायचा कसा? पहिली प्रतिक्रिया असते धुण्याची, आणि तीच घात करते. साबणाने घासलेली काचेची बाटली आपल्या डोळ्यांना लख्ख दिसते, पण साबणातले ग्लायकॉल काचेला धरून राहते आणि ४४ ची रांग आठवडाभर हटत नाही. म्हणून एलसी-एमएसवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करणारे लोक द्रावकाच्या बाटल्यांना साबण लावतच नाहीत. एक बाटली एकाच द्रावकाला बांधून ठेवतात, ती फक्त त्याच द्रावकाने विसळतात, आणि जुन्या द्रावकात नवे ओतत नाहीत. घरातल्या स्वच्छतेचे बरेच नियम इथे उलटे पडतात.

खरी मौज मात्र मळ येतो कुठून हे शोधण्यात आहे. एलसी-एमएसमध्ये पंप द्रावक ढकलतो, सुई नमुना टोचते, मग एका बारीक नळीत, म्हणजे कॉलममध्ये, घटक वेगळे होतात आणि शेवटी फवारा होऊन यंत्रात शिरतात. मळ यांतल्या कुठल्याही टप्प्यावर आत येऊ शकतो. सगळे उघडून बघायचे? एकेक भाग बदलत बसायचे? त्यात महिना जाईल आणि भरपूर पैसे. त्याऐवजी आलेखालाच प्रश्न विचारता येतात.

समजा, ब्लँकमध्ये एक शिखर ठरावीक वेळेला येते. सुरुवातीला कॉलममधून बहुतांश पाणी वाहत असते आणि नंतर सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण वाढवत नेतात. पाण्यात तेलकट मळ असेल तर तो पाणी वाहत असताना कॉलमला चिकटून साठत राहतो आणि द्रावक तीव्र झाले की एकदम सुटतो. तर मग सुरुवातीची पाण्याची वेळ दुप्पट करा. शिखरही दुप्पट झाले? मळ पाण्यातून येतोय. शिखर होते तेवढेच राहिले? मग पाण्याला दोष देऊ नका, सुईकडे नि कुपीकडे वळा. एक पानाही हातात न धरता, नुसती थोडी जास्त वाट पाहून चोराची दिशा कळली. मला तर ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली होती.

दुसरा प्रश्न: सलग चार-पाच ब्लँक चालवले तर काय होते? शिखर दर खेपेला घसरत गेले तर ते आधीच्या नमुन्याचे उरलेसुरले आहे, कुठेतरी चिकटून राहिलेले. ते घसरतच नसेल तर कुठूनतरी सतत भर पडतेय. आणि द्रावकाचा प्रवाहच तोडून फक्त फवारा उडवणारा वायू चालू ठेवला तरी शिखर दिसत असेल, तर मळ खोलीच्या हवेत किंवा वायूच्या नळीत आहे.

पीएफओए शोधणाऱ्यांची अडचण तर अजब. एलसीच्या आतल्या अनेक नळ्या आणि सील टेफ्लॉनसारख्या पदार्थांचे, आणि त्यांतून नेमकी तीच रसायने झिरपतात जी शोधायची आहेत! यंत्र स्वतःच पुरावा पेरते. उपाय काय? जेवढ्या नळ्या बदलता येतील तेवढ्या बदलतात, आणि उरलेल्या मळावर एक सुरेख तोड काढली आहे. पंप आणि सुई यांच्यामध्ये एक जादा कॉलम बसवतात. पंपाकडून आलेल्या रेणूला दोन कॉलम ओलांडावे लागतात, नमुन्यातल्या रेणूला एकच. रेणू दोन्हीकडे तेच, तरी यंत्राचे उशिरा पोचतात आणि नमुन्यातले आधी. मळ निघाला नाही, पण त्याची वेळ बदलली आणि काम झाले.

जीसी-एमएस हा दुसरा प्रकार वायूंवर चालतो. त्याच्या निर्वात पोकळीत हवा शिरली की आलेखात २८ आणि ३२ उगवतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. दोघांची उंची साधारण चारास एक असली की समजायचे, खोलीतलीच हवा गळून आत येते आहे. बाजूला ४० वर आर्गॉनही चिमूटभर दिसतो, कारण हवेत तो एक टक्क्याच्या आसपास असतो. गळती शोधण्यासाठी एकेका जोडावर बाहेरून आर्गॉनची फुंकर मारतात आणि ४० कडे डोळे लावून बसतात. ज्या जोडावर फुंकर पडताच ४० उसळतो, तिथे पाना लावायचा.

आर्गॉनची दुसरी गोष्ट छत्तीसगडच्याच मातीत नेते. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा आणि आसपासच्या गावांत भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशच्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. एवढे कमी मोजायला आज जे यंत्र वापरतात त्यात नमुन्याचा फवारा आर्गॉनच्या धगधगत्या झोतात सोडतात. तो झोत सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तापलेला असतो. त्यात रेणू मोडून अणू सुटे होतात आणि विद्युतभारित होतात.

आर्सेनिकचे वस्तुमान ७५, निसर्गात त्याचा दुसरा प्रकारच नाही. आर्गॉनचे ४०. आणि मिठातल्या क्लोरीनचे? ३५. बेरीज करून पाहा. खारट पाण्यातला क्लोरीन झोतातल्या आर्गॉनला क्षणभर चिकटला की ७५ वजनाचा एक तोतया तयार होतो. विहिरीत आर्सेनिकचा कणही नसेल, नुसते मीठ असेल, तरी यंत्र विष दाखवील! लोखंडाची तीच गत. सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ रायपुरात गच्च्यांवर साचते. तिच्यातले लोखंड मोजायचे तर ५६ वर बघावे लागते, आणि आर्गॉनचे ४० नि ऑक्सिजनचे १६ मिळून ५६ च होतात.

सुटका कशी? क्लोरीन दोन वजनांचा असतो, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक. तोतया असेल तर ७५ च्या जोडीला ७७ वरही त्याची सावली पडते. खऱ्या आर्सेनिकला सावली नाही. सेलेनियमचा एक प्रकारही ७७ वर बसतो, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही, पण संशय घ्यायला ती खूण पुरते. शिवाय वाटेत हेलियम भरलेली एक छोटी कोठडी ठेवतात. जोडगोळीचा आकार मोठा, ती हेलियमला जास्त धडकते, दमते आणि मागे पडते. एकटा आर्सेनिक निसटून पुढे येतो.

क्लोरीनची हीच जोडी आपल्या द्राक्षांच्या कहाणीतही आहे. २०१० च्या हंगामात महाराष्ट्राची निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची नुसती पानांची वाढ रोखायला ते वापरतात. तेव्हा युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. यंत्रात त्याचा आयन १२२ वर येतो आणि क्लोरीनमुळे १२४ वर त्याची एक तृतीयांश उंचीची जोडी. या रेणूवर मुळातच धन विद्युतभार असतो. त्यामुळे तो यंत्राला पटकन दिसतो. पण असे भारित रेणू काचेला नि धातूला चिकटूनही बसतात, आणि भरपूर अंश असलेल्या एका नमुन्यामागून टोचलेला निर्दोष नमुना उगाच दोषी ठरण्याची भीती असते. मधे एक ब्लँक टोचला आणि तो शांत आला, तरच पुढच्या कंटेनरवर शिक्का मारता येतो. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या अंशांच्या तपासणीची देशातली संदर्भ प्रयोगशाळा आहे. इतक्या बारीक कामावर नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांचे वर्षाचे उत्पन्न टांगलेले असते, हे मला त्या यंत्राइतकेच थक्क करते.

आता त्या भागाकाराकडे. १९१३ च्या सुमारास केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन निऑन वायू तपासत होते. २० वर निऑन दिसला, ठीक. पण शेजारी २२ वर एक फिकट रेघ होती. मळ? सरळ शक्यता होती. कार्बन डायऑक्साइडचे वस्तुमान ४४, आणि त्याच्यावर दुहेरी विद्युतभार असेल तर ४४ भागिले २ बरोबर २२! थॉमसनांनी वायू द्रव हवेने थंड केलेल्या नळीतून सावकाश नेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गोठून मागे राहावा. ४४ ची रेघ विझली. २२ ची तसूभरही हलली नाही. मळ म्हणून जिला बाहेर काढायला गेले ती रेघ निऑनचीच निघाली, दुसऱ्या वजनाचा निऑन. स्थिर मूलद्रव्यालाही समस्थानिके असतात याचा तो पहिला पुरावा. थॉमसनांचे सहकारी ॲस्टन यांनी पुढे सुधारलेले यंत्र बांधले, अशी किती तरी समस्थानिके शोधली आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले.

उलटेही घडले आहे. क्लेअर पॅटरसन हे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढायला बसले, तर दगडात असायला हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे येऊ लागले. रसायनांत शिसे, पाण्यात शिसे, धुळीत शिसे. त्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून, हवा गाळून, भांडी आम्लात उकळून अशी जागा तयार केली की तशी तोवर नव्हतीच. मग १९५६ मध्ये आकडा प्रसिद्ध केला, ४५५ कोटी वर्षे. तो आजही जवळपास तसाच मानतात. पण ज्या मळाने त्यांना वर्षानुवर्षे छळले त्याचे काय? तो आला कुठून, हे पॅटरसन यांनी सोडले नाही. बराचसा पेट्रोलमधून येत होता. समुद्राचे पाणी, ध्रुवीय बर्फ तपासून त्यांनी ते दाखवले आणि शिशाच्या उद्योगाशी भांडण घेतले. अमेरिकेत शिशाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने गेले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. माझ्या मते पृथ्वीच्या वयापेक्षा त्यांचा हा दुसरा शोध मोठा.

२००८ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाला असाच धक्का बसला. मेंदूतल्या एका विकराचा अभ्यास चालू होता आणि आकडे बिघडत होते. पिपेटच्या प्लास्टिकच्या टोकांतून नि नळ्यांतून ओलिअमाइडसारखी रसायने सुटत होती आणि तीच विकराला अडवत होती. त्यांनी ते ‘सायन्स’मध्ये छापले. जगात अशाच नळ्या वापरून केलेले प्रयोग किती असतील?

सगळ्यात सुंदर खेळी मात्र मॅथियास मान यांच्या गटाची. खोलीच्या हवेत नेहमी सिलिकोनचे रेणू तरंगत असतात, प्रसाधनांतून नि सीलबंदीच्या लुकणातून सुटलेले. त्यांतला एक ४४५.१२ वर हमखास दिसतो. सगळे त्याला घालवायला धडपडत. या गटाने २००५ मध्ये त्यालाच मोजपट्टी केले. त्याचे वस्तुमान दशांशाच्या पुढे पुष्कळ अंकांपर्यंत नेमके माहीत आहे, तो प्रत्येक मोजणीत आपणहून हजर असतो, मग यंत्र किती चुकतेय हे त्याच्यावरूनच का सुधारू नये? चूक दहा लाखांत एका भागापर्यंत आली. आज कितीतरी प्रयोगशाळा हवेतल्या त्या फुकटच्या सिलिकोनवर आपले यंत्र जुळवतात.

तेव्हा तुमच्या विहिरीच्या पाण्याचा, बागेतल्या द्राक्षांचा किंवा कोर्टातल्या एखाद्या व्हिसेराचा अहवाल हातात आला आणि त्यात कुठल्याशा रसायनाचा अंश सापडल्याचे लिहिले असेल, तर घाबरण्याआधी आणि भांडण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्याच दिवशीच्या ब्लँकमध्ये हे किती आले होते? चांगल्या प्रयोगशाळेकडे त्या आकड्याची नोंद असते. संकोच न करता मागा.